रोशा गवताचे तेल



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगारवाढीवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आज आम्ही एका गवताविषयी बोलणार आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. हे गवत आम्हांला दोन्ही ठिकाणी भेटले.

रोशा हे खानदेशच्या, निमाडच्या डोंगरउतारांवरचे गवत. आयुर्वेदात त्याला रोहिष म्हणतात. त्याचे प्रकार दोन : मोतिया आणि सोफिया. दिसायला भावाभावांसारखे, पण मोतियाचे तेल गुलाबाची आठवण करून देणारे, तर सोफियाचे उग्र आणि स्वस्त. पावसाळा सरताना गवत फुलोऱ्यावर आले की ते कापतात, कारण तेल फुलोऱ्यात अधिक आणि काडीत थोडे.

पूर्वी जंगलात ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात पाणी आणि गवत घालून खाली जाळ करीत. वाफ बांबूच्या नळीतून ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात येई व निवे. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर तरंगे. शंभर किलो हिरव्या गवतामागे सुमारे अर्धा किलो तेल! जाळ जास्त झाला की तळचे गवत करपे आणि तेलाचा वास बिघडे. म्हणजे कसब सारे भट्टी सांभाळणाऱ्याच्या हातात होते.

मोतियाच्या तेलातले मुख्य द्रव्य जिरॅनिऑल. ते एकटे उकळायला सुमारे २३० अंश सेल्सियस उष्णता लागते. पाण्याच्या वाफेच्या सोबतीने तेच १०० अंशांच्या आत निघून येते. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला असेल, हे आपण ओळखालच.

हेच जिरॅनिऑल गुलाबाच्या अत्तरातही असते. त्यामुळे एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्की साम्राज्यात जाई, आणि बल्गेरियात गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून मग पाकळ्या भट्टीला लावीत. भेसळ ओळखणे कठीण जाई. युरोपच्या बाजारात या तेलाला नाव मिळाले ते तुर्कस्तानचे. गवत कापणाऱ्याचे नाव कोण घेणार?

उपयोग म्हणाल तर साबण, अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये यांत हे तेल पडते. साबणातही त्याचा वास टिकतो. गावाकडे सांधे दुखले की खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून ते चोळतात. त्याच्या वासाने डासही दूर राहतात. पण तेल लवकर उडून जाते, त्यामुळे तो गुण फार वेळ पुरत नाही. पोटात घेण्याची ही वस्तू नव्हे; मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. तीस वर्षांपूर्वी आम्ही साबणाच्या एका कारखान्यात होतो. आमचा एक सोबती सुगंधी तेले मोजून ओतण्याच्या कामावर होता. त्याच्या बोटांना भेगा पडल्या, मनगटापर्यंत पुरळ उठले. मुकादम म्हणाला, "गवताचे तेल ते, त्याने काय होते?" आणि खेदाने सांगतो, आम्हीही त्याला तेच सांगितले! पुढे त्याला हाताने जेवणेही अवघड झाले आणि तो काम सोडून गेला.

नंतर वाचनात आले की जिरॅनिऑलने काही लोकांच्या त्वचेला वावडे येते, आणि एकदा आले की पुढे थोड्या स्पर्शानेही त्रास होतो. युरोपीय संघाने २००३ साली अशा सव्वीस सुगंधी द्रव्यांची नावे ठरावीक प्रमाणापुढे प्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. त्यांत जिरॅनिऑल आहे. आम्ही पुढच्या मागणीपत्रात हातमोजे आणि हवा खेळती ठेवणारे पंखे घातले. ते मिळाले, पण आमच्या सोबत्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून सांगणे इतकेच : वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक, असे समजू नका. बाटलीतले तेल नुसते अंगाला लावू नका. पातळ करून आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा, पुरळ उठले तर सोडून द्या. आणि दुखणेकरी माणूस आपले दुखणे सांगतो तेव्हा आधी त्याचे हात पाहा, मग बोला. आम्हांला हे उशिरा कळले.