द्राक्षबागेची जागा



वसंतातल्या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोद ऐकावयास जमलेल्या मंडळींपुढे आम्ही मातीचे ढेकूळ घेऊन उभे आहो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणावयाचे) शेतीशी ज्याचे नाते नाही, असे घर क्वचितच सापडेल. द्राक्षबाग लावणे म्हणजे तर घरात सोयरीक जुळविण्यासारखेच आहे. ऊस चुकला तर मोडून गहू पेरता येतो. द्राक्षाचा मंडप उभा राहिला, की लोखंड, तारा, ठिबक, रोपे यांत घराची पुंजी आणि बहुधा कर्जही अडकते. छाटणीची तारीख बदलता येते, कलम करून वाणही बदलता येतो. जागा बदलता येत नाही.

द्राक्ष आपल्या मुलखाला परके नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता गोदावरीपलीकडे दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नोंदविले. आपल्या हवेत वेलाला हिवाळी झोप लागत नाही. म्हणून आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतो आणि फळ एकदाच घेतो. जागा निवडताना वर्षाची ही दोन्ही टोके डोळ्यांपुढे हवीत.

प्रथम माती. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी रान हिरवे झाले. पण त्याच पाण्याने कित्येक काळ्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या. हा धडा घरात ऐकूनही आम्ही तो विसरलो. तीसएक वर्षांपूर्वी बाग लावावयाची ठरली, तेव्हा आमच्याकडे दोन तुकडे होते : कालव्याखालचे खोल काळे रान आणि वरच्या अंगाचे हलके मुरमाड. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी मुरमाडाकडे बोट दाखविले. आम्ही हसलो. बाग ती, आणि मुरमात? पहिली दोन वर्षे काळ्या रानातले वेल पाहावयास लोक येत. तिसऱ्या पावसाळ्यात मुळ्यांशी पाणी साचले, पाने पिवळी पडली, घड आले ते तुरळक. कर्ज फेडता फेडता आमच्या घरातील एका मुलाचे पुढचे शिक्षण राहिले. ते पुन्हा झाले नाही.

म्हणून सांगतो, नांगरण्याआधी खणा. तीन-चार फूट खोल खड्डे दोन-तीन ठिकाणी घ्या. थर पाहा, खाली मुरूम असेल तर उत्तम, चिकण वा चुनखडीचा घट्ट थर असेल तर सावध व्हा. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर ती जमीन वेलाला नको म्हणते आहे. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. सामू, क्षार, मुक्त चुना यांचे आकडे पाहा. कोणी म्हणेल, आता डॉगरीजचा खुंट आहे, क्षारांची भीती कसली? खुंट क्षार आणि पाण्याची ओढ काही अंशी सोसतो, हे खरे. पण दलदलीत कोणताही खुंट श्वास घेऊ शकत नाही.

दुसरे पाणी. विहीर दिवाळीत पाहू नये, मे महिन्यात पाहावी. खरड छाटणीनंतरच्या याच दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड घडत असतात. तेव्हा पाणी अगदीच तुटले, तर त्याची शिक्षा ऑक्टोबरनंतर दिसते. आपला बराचसा जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. कमी पाऊस रोगाच्या दृष्टीने द्राक्षाला सोयीचा, पण तेवढाच विहिरीला जड.

तिसरी हवा. अकोल्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस या वेलाला मानवणारा नाही. सपाटीवरही खोलगट जागा टाळावी. तिथे रात्रीची थंड हवा साचते आणि दव उशिरापर्यंत राहते. ओल्या पानावर केवडा येतो. पूर्वेकडून सकाळचे ऊन मोकळे यावे, वाऱ्याच्या अंगाला झाडांची ओळ असावी. मात्र तिची सावली आणि मुळे वेलापर्यंत पोचू नयेत. गारपिटीपुढे इलाज थोडा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने ते पाहिले. म्हणून सगळी पुंजी एका बागेत घालू नये.

चौथी गोष्ट शेजार. वरच्या शेतातल्या उसाचे पाणी पाझरून तुमच्याकडे येते काय, ते पाहा. त्या उसावर टू-फोर-डी तणनाशक मारले, तर वाऱ्याने आलेला त्याचा अंशही द्राक्षाची पाने वेडीवाकडी करतो. बांधावरचे भांडण नंतर करण्यापेक्षा लागवडीआधी चहा पिणे स्वस्त पडते.

शेवटी एवढेच, की जागा ठरविण्यापूर्वी एक पूर्ण वर्ष तिच्याकडे पाहा. पावसाळ्यात पाणी कुठे थांबते, हिवाळ्यात दव कुठे राहते, उन्हाळ्यात विहीर किती उतरते, हे लिहून ठेवा. एक वर्ष वाया गेले, असे वाटेल. आम्ही ते वर्ष वाचविले होते. त्याची किंमत आपणांस सांगितलीच आहे. आमचा तो मुरमाड तुकडा आजही आहे. पुढे त्यावरच बाग केली. ती फार देखणी नव्हती. पण तिने घर चालविले.