कांजिण्या, ताप आणि घरातली गोळी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; डॉक्टरकी सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मुलाला ताप आला की पहिली गोळी आपणच देतो ना? म्हणून बोलते.

१९६३ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. राय यांनी २१ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आधी साधे सर्दीपडसे, मग एकाएकी उलट्या, गुंगी, आचके. १७ मुले दगावली. मेंदू सुजलेला, यकृत चरबीने भरून पिवळे झालेले! लठ्ठपणाने चरबी सावकाश साठते. ही दोनचार दिवसांत.

पुढे अमेरिकेत ध्यानात आले की फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना हा रोग अधिक होतो. तिथे १९७९-८० मध्ये ५५५ रोगी नोंदले होते. १९८२ साली सरकारने इशारा दिला. १९९४ ते १९९७ मध्ये वर्षाला दोनांहून अधिक नव्हते. आयांनी गोळी बदलली, एवढेच.

आपल्याकडे मामंजींच्या हृदयासाठी ॲस्पिरिन घरात असतेच. तीच अर्धी करून पोराला देऊ नका. पाकीट वाचा, नाहीतर औषधवाल्याला विचारा. एखाद्या मुलाला डॉक्टरांनीच ती चालू केली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण कांजिण्या येताच त्यांना कळवा.

आणि ताप उतरता उतरता मूल सारखे ओकू लागले, झापड आली, बरळू लागले, तर मीठमोहऱ्या ओवाळत बसू नका. तडक इस्पितळ गाठा. दिलेल्या गोळीचे पाकीट बरोबर न्या.