शालीची घडी घालण्याआधी



माळव्यातली थंडी सरली.
मराठा सरदार पवारांच्या मागोमाग धार आणि देवासला आलेल्या मराठी घरांतून
आता स्वेटर, शाली, कानटोप्या पेटीत जातील.
पण थांबा.
आधी धुवा, मग ठेवा.

आपण म्हणतो, शालीला कसर लागली.
लोकर खातो तो उडणारा पतंग नव्हे.
खाते ती त्याची बारीक अळी.
घामाचे, तेलाचे डाग तिला फार प्रिय.
कॉलरची आतली बाजू उजेडात धरून पाहा.
पिवळट कड दिसली, तर कपडा अजून मळका आहे.

गार पाण्यात हलकेच धुवा.
पिळू नका.
टॉवेलवर पसरून पूर्ण वाळवा.
मग जुन्या सुती धोतरात बांधा.
कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवलात तरी
पावसाळ्यात एकदा पेटी उघडून पाहाच.
डांबरगोळी कपड्याला टेकू देऊ नका,
आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

लेकीला पुण्याला शाल पाठवायची आहे?
तीही आधी धुवा, वाळवा.
सुती कापडात गुंडाळा, वरून प्लॅस्टिक,
मग जाड कापडात शिवून टाका.
पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा.
वरचा पत्ता पावसात पुसला,
तरी शाल लेकीच्या घरी पोहोचेल.