शेजाऱ्याला न दिसणारी श्रीमंती
(मंडळाच्या मासिक बैठकीतील भाषण)



'यश, पैसा आणि माणूस' या विषयावर बोलायला तुम्ही एका संशोधकाला बोलावलंत. पैशाशी माझी ओळख ग्रँटच्या अर्जापुरतीच! पण प्रयोगांबद्दल बोलता येतं, म्हणून उभा राहिलो.

सोल्निक आणि हेमेनवे या संशोधकांनी १९९८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. प्रश्न साधा होता. तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,००० हे चालेल, की तुम्हाला १ लाख आणि इतरांना २ लाख? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्या लोकांनी ५०,००० पसंत केले! म्हणजे निम्मा पगार चालेल, पण शेजारी आपल्या खाली हवा. हसू नका. आपल्या पॉटलकमध्ये 'घर केवढ्याला घेतलंत?' हा प्रश्न जेवणाआधी येतो.

गंमत पुढे आहे. हाच प्रश्न सुट्टीबद्दल विचारला, तेव्हा बहुतेकांनी इतरांना किती मिळते याचा विचार न करता जास्त सुट्टी मागितली. घर दिसतं, गाडी दिसते. निवांत वेळ कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची स्पर्धाही नाही.

'पैशाने सुख मिळत नाही' असं मी म्हणणार नाही. ते बहुधा पैसेवालेच म्हणतात. काहनेमन आणि डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजचं सुख वाढत नाही. पुढे किलिंग्जवर्थ यांचे आकडे वेगळे निघाले. तेव्हा २००२ चे नोबेलविजेते काहनेमन त्यांच्याच बरोबर बसले, आणि २०२३ च्या निबंधात बहुतेकांचं सुख त्यापुढेही वाढतं हे मान्य केलं. मला विचाराल तर यश म्हणजे हे. आपण तर रमीत चुकलेला पत्ताही कबूल करत नाही!

आता माझी कबुली. मेहुण्याच्या घरापेक्षा एक बेडरूम जास्त असलेलं घर आम्ही घेतलं. हप्ते मोठे, म्हणून जास्तीचं काम घेतलं. त्याच काळात पुण्यात वडील आजारी पडले. मी आठ दिवस जाऊन आलो. 'कामं आहेत' म्हटलं. त्यांनीही 'जा, कामं महत्त्वाची' म्हटलं. त्यानंतर फोनच आला. त्या वर्षाअखेरीस पगाराच्या चिठ्ठीवर शिल्लक रजा छापून आली: १५ दिवस.

ती जास्तीची खोली अजून रिकामीच आहे. पाहुण्यांना मात्र दाखवतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर बँकेची शिल्लक जरूर बघा. पण शेजारी रजेची शिल्लकही लिहा. पहिली उरली तर मुलांना मिळेल. दुसरी कुणालाच मिळत नाही.