खर्चाची मर्यादा नेमकी कुणाला अडवते?



२०१३ च्या जूनमध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे बोलून गेले की १९८० ची निवडणूक २९ हजारांत झाली आणि २००९ च्या लोकसभेला ८ कोटी लागले. २००९ ला कायद्याची मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस गेली, खुलासा आला, पुढे कारवाई झाली नाही.

आता दुसरा उमेदवार. माझ्या पीएचडीच्या कामात भेटलेला, नाव सांगत नाही. राखीव मतदारसंघातून विधानसभेला अपक्ष उभा राहिला. वस्तीनं दहा-वीसच्या नोटा गोळा करून दिल्या, त्यातूनच पाच हजारांची अनामत भरली. ती जप्त झाली आणि गडी पुन्हा वीटभट्टीवर गेला. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. नोटीस गावच्या पत्त्यावर आली तेव्हा घराला कुलूप. तीन वर्षांसाठी अपात्र! मर्यादा ४० लाखांची, आणि याचा सगळा खर्च तिच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

म्हणून ‘मर्यादा चालते का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: चालते, पण ज्याच्याकडे मर्यादा ओलांडायला पैसाच नाही त्याच्यावर.

हे आपोआप झालेलं नाही. १९७४ साली दिल्ली सदर मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की उमेदवाराच्या संमतीनं पक्षानं केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. निकाल न्या. भगवतींचा. पैसेवाल्याला जास्त आवाज मिळू नये, हा त्यामागचा विचार. संसदेनं त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ बदललं आणि पक्षाचा खर्च मोजणीतून बाहेर काढला. २००३ मध्ये ही पळवाट अरुंद झाली, बंद झाली नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च आजही उमेदवाराच्या नावावर पडत नाही, मग ते हेलिकॉप्टर का असेना. जाहिरातीवर फक्त नेत्याचा चेहरा आणि चिन्ह असेल, उमेदवाराचं नाव-फोटो नसेल, तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत २०२२ पासून ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही.

ब्रिटनमध्ये उमेदवाराच्या खर्चावर १८८३ पासून मर्यादा आहे. पक्षाच्या देशपातळीवरच्या खर्चावरची मर्यादा तिथेही २००० च्या कायद्यानं आली. म्हणजे उशिरा का होईना, आणता येते.

माझे काही मित्र म्हणतात, मग ही नाटकी मर्यादा काढूनच टाका. मला पटत नाही. २०११ मध्ये आयोगानं उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या विद्यमान आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल तीन वर्षं अपात्र ठरवलं. मर्यादा आणि हिशेबाची सक्ती आहे, म्हणून ते करता आलं. सक्तीच काढली तर विचारायचं कशाच्या जोरावर? मागणी उलटी हवी. पक्षाला मर्यादा लावा, आणि चुकून हिशेब राहिलेल्याला जाणूनबुजून लपवणाऱ्याच्या रांगेत उभं करू नका.

आपल्या चळवळीनं गरिबीतून निवडणुका लढवल्या आहेत. १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत कांशीराम साहेबांनी मताबरोबर एक नोट मागितली होती. आज तशी नोट घेतली तर ती आधी निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्यात भरावी लागते. वहीत नोंद लागते ती वेगळीच. हे काम वीटभट्टीवरचा माणूस एकट्यानं कसं करणार?

ते तुम्ही करू शकता. इथे बी.कॉम. झालेले किती जण आहेत, हात वर करा. वहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासायला न्यावी लागते. चहा, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा प्रशासनाच्या दरपत्रकात असतात, ते आधीच मागून घ्या. आणि निकालाच्या दिवशी घरी जाण्याआधी तिसाव्या दिवसाची तारीख उमेदवाराच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.