विमानांच्या आळीतले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळातले माझे काम म्हणजे सतरंज्या घालायच्या आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला डाळ-पन्ह्याचे पाहायचे. पण चिटणीसबाईंनी फारच गळ घातली. म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेत विमानवाल्यांच्या वस्तीत घर बघत हिंडलात, ते सगळ्यांना सांगा." त्यांना नाही म्हणवले नाही. जसे आठवेल तसे सांगते. चुकले तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

माझे धाकटे दीर फ्लोरिडात विमानदुरुस्तीच्या कामावर आहेत. धाकट्या जाऊबाईंचे बाळंतपण होते, आणि त्यांची आई गुडघ्यांनी अधू. म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर मी गेले. ट्रंकेत डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्या असे सगळे होते. आणि मनात एक गाठ होती, तीही तुमच्यापासून लपवत नाही. जाण्यापूर्वी दोन महिने भावोजींचा फोन आला होता की, "दादा, मला इकडे घर घ्यायचे आहे, तर आपल्या घरातल्या माझ्या हिश्श्याचे काय ते बघू या." आमच्या 'ह्यांनी' फोन ठेवला आणि त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. पेठेतले आमचे घर तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. बावीस वर्षे मी ते सारवले, रंगवले, गळले तेव्हा त्यावर पत्रे घातले. सासूबाई-मामंजींचे शेवटचे दिवस त्याच घरात निघाले. आणि आता परदेशात विमान ठेवायला जागा हवी म्हणून वाटणी! मला राग आला होता. बाळंतिणीला तेल लावताना तो मी बाहेर दिसू दिला नाही, एवढेच.

आता विमान ठेवायला जागा म्हणजे काय, ते आधी सांगते. भावोजींनी एका मित्राबरोबर भागीत एक जुने सेसना विमान घेतले आहे. चार माणसांचे, छत्तीस फूट पंखांचे, उंचीला आपल्या माजघराएवढे. आपल्याकडे विमान म्हटले की श्रीमंती आठवते. तिकडे जुने लहान विमान मध्यम स्थितीतला माणूसही भागीत घेतो. पण विमानतळावर ते ठेवायला भाडे पडते आणि जाण्यायेण्यात वेळ जातो. म्हणून विमान चालवणाऱ्यांच्या वेगळ्या वसाहती आहेत, त्यांना तिकडे एअरपार्क म्हणतात. मध्ये धावपट्टी, तिच्या दोन्ही अंगांना घरे, आणि प्रत्येक घराला लागून विमानाचे दालन. त्याला हँगर म्हणतात. आपल्याकडे वाड्याला गोठा असे, तसेच म्हणा ना! सकाळी दार सरकवायचे, विमान ओढून बाहेर काढायचे, घरासमोरच्या रस्त्याने चालवत धावपट्टीवर न्यायचे आणि उडायचे.

हे निघाले कसे, तेही मी भावोजींना विचारले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने तरुणांना विमाने चालवायला शिकवली. १९३९ साली त्या देशात विमान चालवणारे चौतीस हजारांच्या आसपास होते, ते १९४६ पर्यंत चार लाखांवर गेले. युद्ध संपले, माणसे घरी आली, पण उडण्याची गोडी काही सुटेना. युद्धासाठी केलेल्या धावपट्ट्याही ठिकठिकाणी ओस पडल्या होत्या. १९४६ सालीच कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी सिएरा स्काय पार्क नावाची अशी पहिली वसाहत आखली गेली. आज त्या देशात सहाशेच्या वर आहेत. कॅलिफोर्नियातच कॅमेरॉन पार्क म्हणून एक आहे. तिथे रस्ते शंभर फूट रुंद, आणि पाट्या व टपालाच्या पेट्या मुद्दाम बुटक्या, विमानाचे पंख अडकू नयेत म्हणून. ती मी फक्त चित्रात पाहिली.

प्रत्यक्ष पाहिली ती फ्लोरिडातली, डेटोना बीच गावाजवळची स्प्रूस क्रीक. ही मूळची नौदलाची युद्धकाळातली धावपट्टी. चार हजार फूट लांब, भोवती तेराशेच्या आसपास घरे आणि सातशेच्या आसपास विमानांची दालने. बाळ तेव्हा पाच आठवड्यांचे होते. मोटारीत मी त्याला मांडीवर घेऊ म्हटले, तर तिथे तसे चालत नाही, तान्ह्या मुलालाही वेगळे आसन लागते. वसाहतीत शिरलो आणि भावोजींनी एकदम मोटार कडेला घेऊन थांबवली. पाहते तो समोरून विमान येत होते, रस्त्याने, आपल्याकडे उसाची गाडी येते तसे संथ! तिथे विमानाचा मान पहिला, मोटारीने वाट द्यायची. आत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला हात केला. मला हसूच आवरेना. पण तिथल्या घरांच्या किमती ऐकल्या आणि आम्ही रस्त्यावरूनच ती पाहून परत फिरलो.

दुसरी वसाहत लहान होती, तिचे नाव घेत नाही. वीसेक घरे आणि गवताची धावपट्टी. गवत असे कापलेले की सतरंजीच. घर बेताचे, किंमत आवाक्यातली, आणि दालनाचे दार चाळीस फुटांवर, म्हणजे सेसना सहज आत जाईल असे. भावोजींचा चेहरा असा फुलला होता की, लग्नात मुलगी पसंत पडली तेव्हाही इतका नव्हता. जाऊबाईंनाही स्वयंपाकघर आवडले. घरे दाखवणारा माणूस कागद पुढे करू लागला. मी बाळाला घेऊन ओसरीवर बसले होते. मला आपले सहज वाटले, ते मी विचारले, "भावोजी, घर तुमचे होईल. पण ही धावपट्टी कुणाची?"

भगिनींनो, हा प्रश्न मला सुचला तो काही हुशारीने नव्हे. आमच्या घराच्या मागच्या बोळाचे भांडण तुम्हांला ठाऊक आहे. पन्नास वर्षे आम्ही त्या बोळातून जात होतो, पण कागदावर वहिवाट लिहिलेली नव्हती. शेजारचे घर विकले गेले आणि नव्या मालकाने भिंत घातली. त्यासाठी मामंजींनी किती खेपा घातल्या! विहीर दिसते, पण पाण्याला जाता येत नाही, अशी आमची गत झाली होती. तेव्हापासून कुठलेही घर पाहिले की मी आधी वाट कुणाची ते बघते.

त्या माणसाने सांगितले की, धावपट्टी पलीकडच्या वयस्क मालकांची आहे, ते फार भले आहेत, आजवर त्यांनी कुणाला अडवलेले नाही. भावोजींनी मग खरेदीखत वकिलाला दाखवले. त्यात धावपट्टी वापरण्याचा हक्क कुठे लिहिलेलाच नव्हता. पुढे चौकशीत कळले की मालकांच्या मुलांना ती जमीन घरबांधणीसाठी विकायची आहे. म्हणजे घर घेतल्यावर विमान दालनातच बसले असते! सौदा तिथेच राहिला. त्या रात्री भावोजी म्हणाले, "वहिनी, मी पंख मोजले, दार मोजले, पट्टीची लांबी मोजली. तुम्ही वाट विचारलीत."

तिसरे घर पाहायला गेलो तेव्हा जाऊबाईंनी आपली गोष्ट काढली. त्या औषधशास्त्र शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते. मी बाळाला घेऊन त्या धुरात राहू काय?" आणि हे खरे होते. मोटारीच्या पेट्रोलमधले शिसे आपल्या देशात २००० साली गेले, अमेरिकेत त्याआधी १९९६ साली. पण पंख्याच्या लहान विमानांना ते अजून घालतात. २०२३ च्या ऑक्टोबरातच तिथल्या पर्यावरण खात्याने हा धूर माणसांच्या प्रकृतीला धोक्याचा आहे असे ठरवले होते. २०३० च्या अखेरीपर्यंत तो बंद करायचे तिथे घाटत आहे. लहान मुलांच्या बुद्धीवर शिशाचा परिणाम होतो. भावोजी आधी चिडले. मग गप्प बसले. बापच ना तो!

मग आम्ही विचारत गेलो. कळले की विमाने उडण्यापूर्वी एका जागी उभी राहून यंत्र तपासून घेतात, तिथे धूर सर्वांत जास्त साचतो. तेव्हा घर त्या जागेपासून जितके लांब तितके बरे. ह्या तिसऱ्या वसाहतीत धावपट्टी सर्व घरमालकांच्या संस्थेची होती, हक्क खरेदीखतात लिहिलेला होता, आणि डागडुजीसाठी दरसाल वर्गणी होती. पाहिलेले घर मात्र नेमके तपासणीच्या जागेला लागून. जाऊबाईंनी नाही म्हटले, आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहिले.

तिथे एक गोष्ट घडली, ती मी विसरणार नाही. शेजारच्या घरातून एक सत्तरी ओलांडलेल्या बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला चहाला बोलावले. त्यांचे यजमान वैमानिक होते, ते जाऊन सहा वर्षे झाली. विमान विकले. आता त्या मोठ्या रिकाम्या दालनात त्या गोधड्या शिवतात! चिंध्यांचे ढीग, मांडलेला लांबलचक पाट आणि मधोमध शिवणयंत्र. मला भाषा येत नव्हती, पण टाका येत होता. मी त्यांना आपला धावदोरा घालून दाखवला. जाऊबाईंनी त्यांना विचारले, "तुम्ही उडत नाही, मग इथे का राहता?" त्या म्हणाल्या की, रोज सकाळी मी दालनाचे दार हातभर वर करते. नऊपर्यंत ते वर गेले नाही, तर कुणीतरी येऊन माझी घंटा वाजवतो. सहा वर्षांत दोनदा वाजली, एकदा मी पडले होते तेव्हा.

परत येताना मोटारीत कुणी बोलत नव्हते. माझ्या मनात आपली आळी होती. दार उघडले नाही तर हाक मारायला येणाऱ्या तुम्ही सगळ्या होता. आणि एकाएकी भावोजींचे मला कळले. पंधरा वर्षे हा माणूस परक्या मुलखात भाड्याच्या बिऱ्हाडातून बिऱ्हाडात हिंडतो आहे. त्याला विमानाला जागा हवी होती खरी, पण त्याहून त्याला हवी होती आळी. आणि माझे काय? बावीस वर्षे ज्या घरात मी राहिले, त्याच्या उताऱ्यावर अजून मामंजींचेच नाव. भावोजी भले आहेत, म्हणून आम्ही राहतो. म्हणजे त्या गवताच्या धावपट्टीसारखेच की! उद्या आमची मुले आणि त्यांची मुले एकमेकांना ओळखतीलच असे कुणी सांगावे?

रात्री बाळ झोपल्यावर मीच विषय काढला. म्हटले, "भावोजी, तुम्ही हिस्सा मागितलात, मला राग आला होता. पण तो तुमचा आहे. तुम्ही तिकडे कागद मागता, मग घरीही कागदच करू." भावोजींच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "वहिनी, मागून मलाच झोप नव्हती. दादा बोलेना, म्हणून मीही बोलेना." इतके दिवस दोन्ही भाऊ नुसते गप्प बसून एकमेकांना वाईट ठरवत होते.

२०२४ च्या दिवाळीत ते सगळे कराडला आले. नणंद मला नाही, दोघेच भाऊ. वकिलाकडून वाटणीपत्र करून रीतसर नोंदवले. मागची एक खोली भावोजींच्या नावे ठेवली, त्यांना यायला जायला घर हवे म्हणून. उरलेल्या हिश्श्याचे पैसे आम्ही पाच हप्त्यांत द्यायचे. दोन फिटले, तीन आहेत. माझ्या मसाल्याच्या आणि कुरडयांच्या ऑर्डरी आता का वाढल्या, ते तुम्हांला आज कळले असेल! तेव्हा घ्यायच्या राहिल्या असतील त्यांनी संकोच करू नये.

भावोजींनी त्याच तिसऱ्या वसाहतीत आधी वर्षभर भाड्याने राहून पाहिले. आवाज किती, शेजार कसा, वर्गणी परवडते का. मग २०२५ साली लांबच्या टोकाचे लहानसे घर घेतले. बाळाच्या रक्तातले शिसे डॉक्टर तपासतात, ते आजवर ठीक आहे, पण जाऊबाईंची काळजी गेलेली नाही, आणि ती जाऊही नये. गोधडीवाल्या बाई आठवड्यातून एकदा बाळाला सांभाळतात. आणि जाऊबाई सकाळी त्यांचे दार वर गेले का ते बघतात.

भगिनींनो, घर म्हटले की आपण खोल्या मोजतो, ओटा बघतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो. ते विचारावेच. पण वाट कुणाची, हक्क कागदावर आहे का आणि त्यात आपले नाव आहे का, हे विचारायला आपण बायका लाजतो. लाजू नये. आणि आपले दार उघडले नाही तर हाक कोण मारील, तेही घर घेण्याआधी पाहावे. आपल्या आळीत हे मंडळ ते काम करते, म्हणून त्याचा वर्धापनदिन मला घरच्या सणासारखा वाटतो.

 आता पन्हे तयार आहे, तेव्हा मी आपली रजा घेते.