यकृताचे आरोग्य आणि आपल्या नित्याच्या सवयी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. त्यांतील निर्धन रुग्ण निधीच्या रकान्याकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत वर्ग करावयाची असते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोगनिदान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु नोंदवह्या चाळताना एक गोष्ट ध्यानी येते. यकृत निकामी होत आलेला रुग्ण एकदा दाखल होऊन थांबत नाही. पोटात पाणी साचले म्हणून येतो, ते काढून घरी जातो, पुन्हा येतो; पुढे एखाद्या रात्री रक्ताची उलटी होते. तो बहुधा घरातील कमावता माणूस असतो. त्याच्या नातेवाइकांच्या तोंडचे पहिले वाक्य ठरलेले असते : "यांना आजवर कधी काही झाले नव्हते."

हे वाक्य ते प्रामाणिकपणे बोलतात. आमचे वैद्यकीय सहकारी सांगतात की, यकृताच्या अंतर्भागास वेदनेची जाणीवच नसते आणि त्याचा बराच भाग बाधित होईपर्यंत उरलेला भाग काम निभावून नेतो. म्हणून दुखणे लक्षात येण्याच्या कितीतरी आधी ते सुरू झालेले असते, आणि ते सुरू करणाऱ्या सवयी आपणांस वाईट वाटतच नाहीत.

मद्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते सर्वांस ठाऊक आहे. एवढेच नमूद करतो की, आषाढी अमावास्येला आपल्या घरांत दिव्यांची पूजा होते, आणि त्याच तिथीला "गटारी" हे नाव देऊन आपल्या परिसरातील शेतघरांवर जे चालते ते आता वर्षातून एकदाच चालते असेही राहिलेले नाही. थोड्या मद्याने यकृताला बळ येते ही समजूत मात्र निराधार आहे.

आमची खरी चिंता मद्याला न शिवणाऱ्यांविषयी आहे. बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. पहाटेची लोकल पकडणारा गृहस्थ फलाटावर वडापाव खातो, दिवसभर खुर्चीत बसतो, परतीच्या गर्दीत उभा राहून थकतो (हे उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे!), आणि रात्री साडेदहाला पोटभर जेवून लगेच निजतो. उल्हासनगरच्या बाजारात दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापारी बंधूंची तऱ्हा निराळी नाही. सकाळी दाल-पकवान, दुपारी येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाबरोबर गोड चहा किंवा शीतपेय. न वापरलेली साखर आणि स्निग्धांश यकृतात चरबीच्या रूपाने साठतात. सोनोग्राफीच्या अहवालात "फॅटी लिव्हर" असे शब्द येतात आणि तो कागद कपाटात जातो. हातपाय सडसडीत पण पोट सुटलेले, अशा आपल्याकडील प्रकृतीत हा धोका विशेष असतो. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटर यांपुढे गेला तर सावध व्हावे. दिलासा असा की, ही अवस्था मागे फिरू शकते. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले तर सूजसुद्धा ओसरते, असे डॉक्टर सांगतात. त्यासाठी कोणतेही महागडे "लिव्हर टॉनिक" लागत नाही.

गोळ्यांचा हिशेब तर आमच्यासारख्या वाणिज्य पदवीधरालाही करता येतो. निरोगी प्रौढाने पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. ६५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या झाल्या की ३.९ ग्रॅम होतात. त्यावर सर्दीची गोळी घेतली, आणि तीतही तेच औषध असले, तर मर्यादा ओलांडली गेली. नित्य मद्य घेणाऱ्यास याहून कमी मात्राही बाधू शकते. वनस्पतीचे म्हणून निर्धोक, हेही खरे नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती. तो वाद तज्ज्ञांचा. आमची विनंती इतकीच की, जो काढा आपण घेता तो डॉक्टरांना सांगावा.

आता पाण्याविषयी. नळ कमी वेळ येतो म्हणून जलवाहिनीला थेट मोटर लावून पाणी खेचण्याची सवय आपल्या तिन्ही गावांत आहे. या ओढीने वाहिनीतील दाब कमी होतो आणि नाल्यालगतच्या गळक्या जोडातून सांडपाणी आत येते. ज्याने मोटर लावली त्याच्या घरीच नव्हे, शेजाऱ्याच्या घरीही. काविळीचे अ आणि ई हे प्रकार अशाच पाण्यातून पसरतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. ई प्रकारची कावीळ गर्भवतीच्या, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, जिवावर बेतते.

याच संदर्भात एक घटना सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आठव्या महिन्यातील एक भगिनी डोळे पिवळे झाले म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. रांग लांब होती. केस पेपर काढून ती मंडळी कंटाळून परतली आणि कुणीतरी सांगितले म्हणून काविळीची माळ घालून घेतली. ती माळ गाठी सैल होऊन आपोआप लांबत जाते; रोग उतरत चालला अशी घरच्यांची खात्री झाली. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे झाले, तेही त्यांनी पाहिले. नवव्या दिवशी ती बेशुद्धावस्थेत आली. मुंबईला हलविल्यावर ती वाचली. बाळ वाचले नाही. माळ घालणाऱ्याला दोष देणे सोपे होते. पण आमच्या नोंदवहीत पहिल्या दिवसाचा तिचा क्रमांक होता आणि पुढील रकाना कोरा होता.

त्या आठवड्यापासून पिवळ्या डोळ्यांची गर्भवती रांगेत उभी राहणार नाही, असा नियम आम्ही केला. नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यांना तेवढी पारख शिकविली आहे.

ब आणि क प्रकारची कावीळ रक्तातून जाते. केशकर्तनालयात नवे पाते मागावे. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणाऱ्यापुढे हात धरू नये. नवजात बालकास ब काविळीची लस २४ तासांच्या आत मिळाली की नाही, हे आजीने विचारावे. या दोन्ही विकारांची तपासणी व औषधे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. आमचे समाजसेवा अधिकारी त्यासाठी चिठ्ठी देतील.

सभेनंतरच्या अल्पोपाहारात गेल्या वर्षापर्यंत सामोसा आणि शीतपेय असे. यंदा उसळ, ताक व केळी आहेत. शेजारच्या मेजावर परिचारिका भगिनी मोजपट्टी घेऊन बसल्या आहेत. विश्वस्त महोदयांनी प्रथम माप द्यावे, अशी नम्र विनंती आहे.